आबा, तुम्ही बाबासाहेबांना पाहिलंत का?

माणूस म्हातारा कधी होतो? केस पांढरे झाले, दात पडले म्हणून तो स्वतःला म्हातारा समजत नाही. दुसऱ्याने सांगावे लागते. मला ते कसबे तडवळ्याच्या शाळेसमोर एका कॉलेजच्या पोराने सांगितले.

गेल्या २२ फेब्रुवारीला मी आणि माझी नात धाराशिवहून तडवळ्याला निघालो. नात पुण्यात वाढलेली, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव म्हणजे सुट्टीतला उकाडा आणि पाण्याचा टँकर, एवढीच तिची ओळख. म्हटले, आपल्या जिल्ह्यात बाबासाहेब कुठे आले होते ते तरी पोरीला दाखवावे.

स्टँडवर तिने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. तीस वर्षांपूर्वी याच स्टँडवर मी माझ्या वडिलांच्या हातातली पिशवी अशीच घेतली होती, तेव्हा ते माझ्यावर रागावले होते. का रागावले, ते मला आता कळले.

गाडीत बसल्यावर मी अर्ध्या तिकिटासाठी खिशातून आधार कार्ड काढू लागलो. कंडक्टर माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "राहू द्या बाबा, दिसतंय." नात खुदकन हसली. पण तिचेही तिकीट अर्धेच निघाले. २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. मी म्हटले, "बघ, आपण दोघे मिळून एक झालो."

येडशीपर्यंत बालाघाटचे डोंगर सोबत असतात. रामलिंगाचे जंगल फेब्रुवारीत वाळलेले, पिवळे दिसते. पुढे शेतात ज्वारीची काढणी चाललेली. याच भागातून पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावत असे. १९०७ साली ती तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ ला लातूरला पोचली. आता रूळ मोठे झाले, छोटी गाडी गेली. मी नातीला तिच्याबद्दल सांगू लागलो तर ती म्हणाली, "आबा, म्हणजे माथेरानसारखी?" मी म्हणालो, "हो, पण आपली माणसे हौसेने बसत नव्हती, पोटासाठी बसत होती."

तडवळ्याला २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद झाली. तिला बाबासाहेब आले होते. अलीकडे या तारखांना तिथे लोक जमतात. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, निळे झेंडे, कडेवर लेकरे. शाळेसमोर आम्ही उभे होतो. तेवढ्यात गळ्यात निळा पंचा घातलेला एक पोरगा मोबाइल उचलून माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "जयभीम आबा! तुम्ही बाबासाहेबांना पाहिलंत का? दोन शब्द बोला."

मी थक्क झालो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे, माझा जन्म १९५७ चा. पण त्या पोराच्या हिशेबात १९४१ काय आणि १९५७ काय, सगळे एकाच जुन्या गाठोड्यात! क्षणभर वाईट वाटले. आणि खरे सांगतो, क्षणभर मोहही झाला. "हो, पाहिले" म्हटले असते तर कुणी हटकले नसते. भोवती दहा-पंधरा पोरे उभी होती, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.

पण मला वडील आठवले. ते सात वर्षांचे असताना आजोबांबरोबर चालत या परिषदेला आले होते. लोक त्यांना हाच प्रश्न विचारत. ते म्हणत, "मी बाबासाहेब पाहिले नाहीत. बापाच्या खांद्यावर बसूनसुद्धा मला फक्त डोकी दिसली आणि धूळ दिसली. पण आवाज ऐकला. आणि माझा बाप रडताना पाहिला." वडील २००५ साली गेले. आयुष्यभर त्यांनी त्या गोष्टीत एक शब्द वाढवला नाही.

मी त्या पोराला तेच सांगितले, जसेच्या तसे. त्याने मोबाइल खाली केला नाही.

मग माझ्या नातीनेच विचारले, "आबा, वतनदार म्हणजे जमीनवाले ना? मग आपण श्रीमंत होतो?" पोरे हसली, पण उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हते. मी सांगितले, "पोरी, वतन म्हणजे गावाची वेठ. रात्री-अपरात्री हाक आली की धावायचे, सांगावा पोचवायचा, मेलेले ढोर ओढायचे. त्याबदल्यात जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागितलेले बलुते. त्या तुकड्यासाठी माणूस पिढ्यान्पिढ्या बांधला जाई. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात यासाठी बिल आणले होते. शेवटी ही वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने." म्हणजे मी एक वर्षाचा असताना. माझ्यावर ती हाक आली नाही.

परतताना नात म्हणाली, "आम्हाला शिकवलंय, १९४१ ते ५१ च्या दरम्यान भारतात सरासरी आयुष्य सुमारे ३२ वर्षे होतं. आता ते सत्तरच्या आसपास आहे." मी गप्प झालो. म्हणजे परिषदेला आलेल्या कितीतरी माणसांना नात बघायलाच मिळाली नसेल. आपल्या वस्त्यांत तर विचारूच नका. आणि मी इथे पिशवी कोणी घ्यायची म्हणून मनात कुढतो आहे! जे जन्मले ते जीर्ण होणार, हे तथागतांनी सांगितले आहे. विहारात ऐकताना ते सोपे वाटते, स्टँडवर अवघड जाते. पण म्हातारे होणे हीसुद्धा आपल्या माणसांना नव्याने मिळालेली गोष्ट आहे. तिची लाज कशाला?

येडशीला गाडी बदलताना मी पिशवी आपणहून नातीकडे दिली.

बंधू-भगिनींनो, ज्यांनी १९४१ डोळ्यांनी पाहिले, त्यांतले आता बोटावर मोजण्याइतकेच उरले असतील. त्यांच्याकडून ऐकलेले आपण आहोत, आणि आपणही चाललो आहोत. घरातल्या तरुणांनी वहीचे एक पान काढावे, आपल्या आजी-आजोबांजवळ बसावे आणि विचारावे: कोण चालत गेले, कुणाचे वतन होते, कुणी आधी शाळेत पाऊल टाकले. आणि आम्ही म्हाताऱ्यांनी एक पथ्य पाळावे. जेवढे पाहिले तेवढेच पाहिले म्हणावे, आणि जे ऐकले त्याला ऐकले म्हणावे.

जयभीम.