पाझर

गंगाखेड,
अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस

चि. छकुलीस,


काल तुझा फोन ठेवला आणि तुझ्या एका वाक्याने रात्रभर झोप लागली नाही. कोणतं वाक्य ते पुढे सांगते. आधी सांगितलं तर तू पत्र तिथेच मिटशील आणि मला फोन लावून "आत्या, तू उगीच काळजी करतेस" म्हणशील. म्हणून आधी तुझे प्रश्न घेते.

पण त्याआधी एक. तू स्वतःच्या हाताने मातीचा करा घडवलास, करा-केळी भरून पाटावर मांडलीस, आबांचं आणि वहिनीचं नाव घेतलंस. वहिनी गेल्यापासून तुमच्या घरात हे बंदच पडलं होतं. दादाला सांगून सांगून मी थकले होते. तू न सांगता केलंस. फोनवर मला बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते: फार बरं वाटलं गं.

आणि लगेच पुढे काय म्हणालीस? "करा गळका निघाला, पाट ओला झाला, आतून एम-सील फिरवू की वॉर्निश?"

गळका हा शब्द आधी मागे घे. गळणं वेगळं, पाझरणं वेगळं. गळकं भांडं एका जागेवरून पाणी सोडतं, पाझरणारं भांडं अंगभर घामेजतं. करा कोरडा पुसून घे, पाणी भर आणि अर्ध्या तासाने बघ. एका रेघेत ओल उमटली तर ती चीर. सगळीकडे सारखी, मंद ओल आली तर भांडं उत्तम आहे, हात लावू नकोस. तुमच्या मातीकामाच्या क्लासमधल्या विजेच्या भट्टीत पहिली भाजणी साधारण हजार अंशांच्या आसपास होते. तेवढ्यात माती पक्की होते, पुन्हा पाण्यात विरघळत नाही, पण तिची छिद्रं मिटत नाहीत. बाराशेच्या पुढे नेली तर काही माती काचेसारखी घट्ट होते. आईच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या तशा, वरून झिलई चढवलेल्या. लोणच्याला ते हवंच. पाण्याला नको.

ही छिद्रं कुंभार मुद्दाम ठेवतो, हे तुला ठाऊक आहे का? आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. वैशाखात रानाला हात जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. नुसत्या काळ्या मातीचं मडकं केलं तर ते आव्यात जायच्या आधी, सावलीतच तडकेल. म्हणून तो तळ्याचा गाळ आणतो, त्यात रेती, राख, लीद घालतो आणि पायांनी तुडवतो. ती लीद आव्यात जळून जाते आणि ती जिथे होती तिथे पोकळी राहते. पाणी बाहेर येतं ते त्या वाटेने. तू मागच्या वर्षी इथून नेलेल्या कुंडीचे टवके उडतात म्हणालीस, तेही या मातीचंच. आपल्या रानात चुनखडीचे पांढरे खडे असतात ना, त्यातला एखादा चाळणीतून सुटून मातीत राहिला की भाजताना त्याचा कळीचा चुना होतो. पुढे तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि वरची माती उडवून देतो. टवका पडलेल्या खळग्यात बघ, तळाशी पांढरा ठिपका दिसेल. कुंडीला काही झालेलं नाही, वापर खुशाल.

आता गारव्याचं. हे मी तुला सातवीच्या सुट्टीत पाटीवर मांडून दाखवलं होतं, तेव्हा तुझं लक्ष कैरीकडे होतं. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना साधारण 580 कॅलरी उष्णता घेऊन जातं. दहा लिटरच्या माठातून 100 मिलिलिटर, म्हणजे एक लहान वाटी पाणी उडालं, तर उरलेलं पाणी जवळजवळ 6 अंशांनी उतरू शकतं. बाहेरून ऊब आत शिरतेच, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. पण परभणीच्या 43-44 अंशांत, कोरड्या वाऱ्यात, ते थोडंही पुष्कळ असतं. श्रावणात तोच माठ गार करत नाही, कारण हवाच ओली असते आणि पाण्याला उडून जायला जागा नसते. आणि तू मागवलेला तो रंगीत, वेलबुट्टीचा, तोटीचा माठ भर उन्हाळ्यातही गार करत नाही, याचं कोडं कसलं? त्याला बाहेरून तेलाचा रंग दिलाय. पाझरच बंद केलाय. मग तो बादलीसारखाच.

जुना माठ गार का करेनासा होतो, तेही यातच आलं. बोअरचं पाणी जड. पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि छिद्रांच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. काथ्याने घास, लिंबाचं पाणी लावून ठेव, खळखळून धू आणि दोन दिवस उन्हात पालथा घाल. साबण अजिबात नको. जिथून पाणी बाहेर येतं तिथूनच साबण आत जातो आणि मग आठ दिवस पाण्याला त्याचा वास. नवा माठ आणलास तर एक दिवस-रात्र पाण्यात बुडवून ठेव आणि पहिलं पाणी झाडांना घाल. तुझ्या हंडीला मात्र उलटा नेम. ती रात्रभर भिजव, मग तिच्यात मंद आचेवर तांदळाची पेज शिजव. पेजेची खळ छिद्रांत बसते आणि हंडी तेल-तिखट पीत नाही. रिकामी हंडी विस्तवावर ठेवू नकोस, तापलेल्या हंडीत गार पाणी ओतू नकोस. एक अंग फुगतं, दुसरं तसंच राहतं, आणि मधून तडा जातो. तुझी पहिली हंडी अशीच गेली असणार, मला न सांगता.

छकुले, पाझर म्हटलं की मला 1972 आठवतं. मी दहा-अकरा वर्षांची. आबा दुष्काळी कामावर हजेरीला होते, आई इतर बायकांबरोबर माती वाहायला. दुपारी सुकडी मिळायची, ती मी पदरात बांधून दादासाठी आणायची. पाझर तलावाचं काम होतं. पुढच्या पावसाळ्यात त्यात पाणी आलं आणि दिवाळीनंतर उतरायला लागलं. गावातली माणसं चिडली. एवढं रक्त आटवून गळका तलाव बांधला म्हणाली. आबांनी मला हाताला धरून खालच्या शिवारातल्या विहिरीवर नेलं आणि आत वाकून बघायला लावलं. विहिरीला पाणी होतं. "तलाव स्वतःसाठी पाणी धरत नसतो," एवढंच म्हणाले. मी पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण याहून मोठा धडा मला कोणी दिला नाही.

तेव्हापासून माझं मन एकाच गोष्टीवर ठाम आहे, आणि तू कंटाळलीस तरी सांगते. जे पाझरतं तेच गार राहतं. आपण आता सगळं बंद करायला निघालो आहोत. अंगणं फरशीने बंद, विहिरी झाकणाने बंद, ओढे सिमेंटने बंद. मग उन्हाळ्यात घर तापतं आणि हापसा कोरडा पडतो म्हणून रडतो. माणसांचंही तेच. दादाला बघ. वहिनीच्या नावाने त्याच्या डोळ्याला अजून पाण्याचा टिपूस नाही. सगळं आत दाबून बसलाय आणि रक्तदाबाच्या गोळ्या खातोय. काल तू पाटाचा फोटो पाठवलास तेव्हा त्याने तो मला दोनदा दाखवला. बोलला काही नाही, पण दोनदा दाखवला. त्याला फोन कर.

तुटलेलं जोडायचं विचारलंस. माठाला बारीक चीर असेल आणि तो जागचा हलणार नसेल, तर बाहेरून पांढऱ्या सिमेंटचा लेप चालतो. चांगला वाळू दे, दोन-तीनदा पाणी भरून टाकून दे, मग प्यायला घे. पण जिथे पिण्याचं पाणी किंवा अन्न लागतं तिथे आतून एम-सील नको, आणि विस्तवावरच्या भांड्याला तर कुठेच नको. कान तुटलेला कप जोडून त्यात गरम चहा घेऊ नकोस. चिकटवलेला कान उष्णतेने सुटतो आणि चहा मांडीवर येतो. तू ज्या जपानी सोनेरी सांध्याचं कौतुक करत होतीस, तो खरा सांधा झाडाच्या चिकाचा असतो आणि तो पक्का व्हायला आठवडे लागतात. बाजारातल्या संचात बहुतेक साधा इपॉक्सी डिंक आणि चमकणारी पूड असते. शोभेला ठेव, त्यात खाऊ नकोस.

तुझ्या आजीने मडकं कधी जोडलं नाही, हे तुला आठवतं का? फुटलं की मोठं खापर धुपाच्या विस्तवाला, एखादं तुळशीखाली, आणि उरलेली टोपलीभर घेऊन ती मला कुंभाराकडे पाठवायची. तो ती खापरं आव्यावर रचायचा. खाली गोवऱ्या आणि पऱ्हाट्या, मध्ये कच्ची मडकी, वर फुटक्या खापरांचं पांघरूण आणि त्यावर राख. काही खापरं कुटून, चाळून नव्या मातीत घालायचा, म्हणजे नवं मडकं वाळताना कमी आकसतं. जुनं मडकं असं नव्यात परत जायचं. माझ्या लेखी दुरुस्ती ती. आपल्या घरी डिंकाची गरज पडली नाही, कारण कुंभार चार घरांवर होता.

चैत्रात माठ घ्यायला त्याच्याकडे गेले होते. जाडजूड, बुटकं मडकं मांडीवर घेऊन बसला होता. आत डाव्या हातात दगडी गोळा, बाहेरून उजव्या हाताने लाकडी थापटणं. एक ठोका, मडकं किंचित फिरवायचं, पुन्हा ठोका. डोळे भलतीकडे, कान मडक्यावर. ठोक्याठोक्याला भिंत पातळ होत होती आणि पोट वाढत होतं. मध्येच थांबला, एका जागी ओल्या बोटाने माती दाबली आणि पुन्हा सुरू. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "तिथं आवाज बद्द आला, बाई." तेरचे गोरोबाकाकाही कुंभारच. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली, ती गोष्ट मी तुला किती वेळा सांगितली. त्यात नामदेव कच्चे निघाले म्हणून तू रुसली होतीस, कारण त्यांची नर्सी तेव्हा आपल्या जिल्ह्यातली. तू दुसरीत होतीस. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा झाला आणि नर्सी तिकडे गेली, तेव्हाही रुसलीस.

त्या कुंभाराचे गुडघे गेलेत. मुलगा चाकणला कंपनीत आहे, तो परत येणार नाही आणि त्याला दोष कोण देणार? आव्याच्या धुराची शेजारचे तक्रार करतात. मी त्याला दोन माठांचे पैसे आधीच देऊन आले. सुगडं, पणत्या, घटाची मडकी आपल्याला सणाला लागतातच, पण सणाचे चार दिवस धरून त्याचं घर चालत नाही. चालतं ते रोजच्या माठावर, हंडीवर, तव्यावर. म्हणून तुला सांगते, शोकेसमध्ये मातीची भांडी मांडू नकोस. वापर, फोड आणि परत घे.

आता ते वाक्य. तू हसत हसत म्हणालीस, "करा वाळत होता, त्याचा एक तुकडा सहज तोंडात टाकला, इतका छान लागला की रोजच खावासा वाटतो."

छकुले, डोहाळे म्हणून हे सोडून देऊ नकोस. अंगात लोह कमी पडलं की पुष्कळदा माती खावीशी वाटते. मातीने ते भरून निघत नाही. उलट अन्नातलं लोहही नीट लागत नाही आणि कच्च्या मातीतून जंत पोटात जातात ते वेगळंच. पिशवीतून येणाऱ्या तुमच्या मातीत आणखी काय काय मिसळलेलं असतं, ते तर खाण्याचं नाहीच नाही. वहिनीलाही तुझ्या वेळी हेच लागलं होतं. आम्ही सगळ्यांनी हसून सोडलं. कोणी डॉक्टरांना सांगितलं नाही, मीही नाही. पुढचं तू जाणतेस. म्हणून मी रात्रभर जागी होते.

आणि रस्त्यावरून घेतलेल्या त्या चकचकीत पिवळ्या-केशरी मगात ताक पितेस ना, तो आजच बाजूला ठेव. कमी आचेवर भाजलेल्या रंगीत झिलईत शिसं असू शकतं. ताक, चिंच, लिंबू असं आंबट पडलं की ते उतरतं, आणि आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोहोचतं. क्लासमध्ये वाळलेली माती कोरड्या झाडूने झाडू नकोस. ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. ओल्या फडक्याने पूस, नाहीतर जावईबापूंना पुसायला सांग. क्लास बंद कर असं मी म्हणत नाही. तुझ्या हातात ती कला आहे, कऱ्याच्या ओठावरून कळली मला. पण बाळ होईपर्यंत माती हातातच राहू दे.

डोहाळजेवणाला मी रेल्वेने येतेय. दोन्ही माठ कडब्यात गुंडाळून मांडीवर घेऊन येईन, काळजी करू नकोस. कऱ्याला आतून-बाहेरून काही लावू नकोस. पाट ओला होतोय तर खाली एक परात ठेव, आणि ते पाणी तुळशीला घाल. पितरांच्या नावाचं पाणी आहे, ते कुठेतरी पोहोचायलाच हवं.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आत्या

ता. क. – हिमोग्लोबिन तपासून घे आणि आकडा मला लिहून पाठव. "ठीक आहे" असं सांगू नकोस, आकडा पाठव.