अंगठा

तळव्यावर रेघ ओढून प्लँटर बघताना नुसत्या गुदगुल्यांनी पाय ओढून घेणारा पेशंट कोणता आणि ज्याचा अंगठा खरोखर वर गेला तो कोणता, या एका प्रश्नानं मला तीस वर्षं छळलं आहे. बाबिन्स्कीनं १८९६ साली पॅरिसमध्ये हे लक्षण मांडलं ते अगदी थोडक्या ओळींत. आम्ही मात्र जन्मभर त्या अंगठ्याभोवती फिरतो. आयुष्य अनवाणी ढेकळं तुडवण्यात गेलेल्या भेगाळ पावलावर किल्ली ओढली तर काहीच हलत नाही. जोर वाढवावा तर अख्खा पाय गुडघ्यात दुमडतो. खरं उत्तर पहिल्या हालचालीत असतं. ती माझ्या नजरेतून सुटत नाही असा माझा लौकिक होता, आणि तो मला फार प्रिय होता.

दोन वर्षांपासून माझा हात कापतो. मांडीवर निवांत असला की स्थिर, कप उचलला की बशी वाजते. वडिलांचंही तसंच होतं. म्हणजे पार्किन्सन्स नव्हे, इसेन्शियल ट्रेमर. दम्यामुळे प्रोप्रॅनोलॉल घेता येत नाही. तळव्यावरची रेघ आता एकसारख्या दाबानं जात नाही, पेशंटला गुदगुल्या होतात. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी आल्या. दोन महिने पाय जड, चप्पल वाटेत निसटली तरी कळायचं नाही. सोबत कमरेचा एमआरआय, नॉर्मल. त्या भीतीनं इतकं अंग आवळून धरत होत्या की पायांचा ताठपणा खरा किती ते समजेना. मी प्लँटर पाहिला. पाय झटकला गेला. ‘खालीच आहे,’ म्हणालो आणि केसपेपरवर खाली जाणारा बाण काढला.

“सर, आधी वर गेला होता,” रेसिडेंट म्हणाली. “मग पाय ओढला.”

मी चिडलो. तिनं वाद घातला नाही. बाहेरच्या घोट्याखालून, चॅडॉकच्या पद्धतीनं, हलकेच रेघ ओढली. अंगठा सावकाश उठला, बाकीची बोटं पंख्यासारखी पसरली. मग ती टाचणी पोटावरून वर नेत गेली. बेंबीच्या वर चार बोटांवर मावशी म्हणाल्या, “आत्ता टोचलं बघ.”

आठव्या डॉर्सल मणक्यात क्षय होता, पू मज्जारज्जूवर दाबत होता. मज्जारज्जू पहिल्या लंबर मणक्याच्या आसपास संपतो. वर गेलेल्या अंगठ्याचं कारण त्याच्या खाली सापडणं शक्यच नाही. हातोडी हातात न घेता पेशंटला मशीनमध्ये घालणाऱ्यांवर मी वर्षानुवर्षं तोंडसुख घेतलं आहे, आजही घेतो. लोक कर्ज काढून चुकीच्या जागेचा फोटो घेऊन येतात. पण त्या सकाळी त्याच फोटोवर मीही शिक्का मारला होता.

ऑपरेशन झालं, टीबीची औषधं सुरू झाली. फाल्गुनात मावशी काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी आल्या. हल्ली ओपीडीत घोटा मी धरतो, रेघ रेसिडेंट ओढते.

एक गोष्ट तिला सांगायची राहिली आहे. त्या रात्री वॉर्ड झोपल्यावर मी केसपेपर काढला, माझा बाण खोडला आणि शेजारी वर जाणारा काढला. तारीख, वेळ, सही, काहीच घातलं नाही. पण तो बाण कुणाचा ते तिला कळलं असणार. त्याची रेघ तीन ठिकाणी थरथरली आहे.