उताराची दिशा

कराडहून पहाटे निघालो तेव्हा प्रीतिसंगमावर धुके होते. पुणे ते गुहागर अशा सायकलप्रवासातला हा तिसरा दिवस. कोयनेचा काठ धरून पाटण, पुढे हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. अंतर नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर. मागच्या कॅरिअरला दोन झोळ्या, त्यांत कपड्यांपेक्षा ट्यूब आणि पानेच जास्त.

मोटारीतून हा रस्ता सपाट भासतो. तो तसा नाही, हे पाटण येण्याआधीच पोटऱ्यांना कळते. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे येते, हेळवाकाशी काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेत मिसळते. म्हणजे सकाळभर मी नदीच्या उलट दिशेने चाललो होतो. तिच्यासाठी जो उतार, तो माझ्यासाठी चढ. पाटण मागे पडल्यावर डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले, उसाचे फड विरळ झाले, आणि साखळीच्या कुरकुरीखेरीज दुसरा आवाज फारसा उरला नाही.

खरे तर या वाटेने यायचे मी अनेक वर्षे टाळले होते. आईचे जन्मगाव शिवाजीसागर जलाशयाच्या तळाशी आहे. १९६२ च्या सुमारास पाणी चढू लागले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आजोबांना जमीन मिळाली ती पार कोकणात, रायगडाकडे. तिथल्या वस्तीला त्यांनी जुन्याच गावाचे नाव दिले. कोयनेच्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली, तरी त्या वस्तीत दिवा लागायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. आई हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही. निघताना एवढेच म्हणाली, "धरणापाशी थांबून काय करणार? वर पाणीच दिसंल."

कोयनानगरला थांबलो. दिसली ती भिंत. आईचे गाव तिथून उत्तरेला, जलाशयाच्या फार आतल्या अंगाला. चहा घेऊन निघालो.

हेळवाक सोडल्यावर नदीही सुटली आणि झाडी दाटली. हिरडा, जांभूळ, अंजनी. रस्त्यावर ओली सावली. घाटमाथ्याच्या अलीकडे दम खायला थांबलो तर झाडीत एक दगडी जोते दिसले, आणि त्याच्या कडेने आंब्याची चार जुनी झाडे, चांगली एका रांगेत. रानात झाडे अशी रांगेत उगवत नाहीत.

वीस वर्षे मी वर्गात ललित गद्य शिकवतो आहे. स्वतःही लिहिले आहे. त्या लेखनात 'निर्मनुष्य अरण्य', 'अस्पर्श रान' हे शब्द किती सहज येऊन गेले आहेत, ते त्या जोत्यावर बसल्यावर आठवले आणि ओशाळल्यासारखे झाले. कोयनेचे खोरे १९८५ मध्ये अभयारण्य झाले, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्पात गेले, २०१२ मध्ये जागतिक वारशात. त्याविषयी मला आनंदच आहे; रान राहिले पाहिजे. पण त्या रानाचे निर्मनुष्यपण काही मुळातले नव्हे, ते घडवलेले आहे. आपल्या निसर्गलेखनाला एकांत फार प्रिय, आणि तो एकांत कुणाला उठवून मिळाला आहे हे विचारण्याची सवय मात्र त्याला लागली नाही. (माझ्या एका लेखात कोयनाकाठच्या 'आदिम शांतते'चे वर्णन आहे. आईने तो वाचला होता. ती काहीच बोलली नव्हती.)

घाट उतरायला लागलो. ब्रेक दाबून दाबून बोटे आखडली; वळणावळणावर ट्रक, आणि खाली कोकणाचा उबट, दमट वारा. याच डोंगराच्या पोटातून, बोगद्यांमधून, कोयनेचे पाणी खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात कोसळते. जे पाणी आपल्या चालीने पूर्वेला, कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जायचे, त्याला पश्चिमेचा रस्ता दाखवला गेला आहे. वीज करून ते वाशिष्ठीला मिळते आणि अरबी समुद्राला जाते. सकाळी नदीच्या विरुद्ध चढलेला मी दुपारी तिच्याच सोबतीने उतरत होतो. ती आतून, मी बाहेरून. आजोबाही याच उताराच्या बाजूला आले होते, आणि तेही आपण होऊन नव्हे.

चिपळुणात वाशिष्ठीच्या पुलावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. आईला फोन केला. जेवलास का, गुडघा दुखतोय का, असे विचारून झाल्यावर ती थोडा वेळ थांबली.

"पाण्यात हात घातलास?"

"हो," मी म्हणालो. घातला नव्हता.

"गार होतं का?"

पुलावर वाहनांची वर्दळ होती. ऐकू येत नाही असे सांगून मी फोन ठेवला, सायकल कठड्याला कुलूप लावून उभी केली आणि खाली उतरायला वाट कुठून आहे ते पाहू लागलो.