भूकंपाचा आकडा आणि घराची भिंत

८ ऑक्टोबर २००५. रमजानचे पहिलेच दिवस होते. सकाळी ८ वाजून ५० मिनिटांनी मुझफ्फराबाद आणि बालाकोटच्या परिसरात जमीन हादरली. शाळा भरलेल्या होत्या. छपरे मुलांवरच कोसळली. पाकिस्तानच्या बाजूला ७३ हजारांहून अधिक माणसे गेली. आपल्याकडे उरी, टंगधार भागातही हजारावर बळी गेले.

वर्गात हा विषय निघाला की मुले आम्हाला आधी विचारतात, "किती रिश्टरचा होता?" आम्ही फळ्यावर ७.६ लिहितो आणि शेजारी किल्लारीचा ६.२. मुलांना वाटते, फरक १.४ चाच! पण ही काही फूटपट्टी नव्हे. एक अंक वाढला की लाटेची उंची दहापट होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. या हिशोबाने काश्मीरच्या भूकंपाची ऊर्जा किल्लारीच्या सव्वाशे पट भरते. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली कॅलिफोर्नियासाठी ही मोजणी बसवली. मोठ्या भूकंपांना ती अपुरी पडते. म्हणून आता जमिनीखाली खडकाचा केवढा भाग तुटला, तो किती सरकला आणि खडक किती टणक आहे, यावरून आकडा काढतात.

तरीही ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगावली. भूकंप उथळ होता, आणि दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. आकडा जमिनीचा जोर सांगतो, भिंतीचा कच्चेपणा सांगत नाही.

अशा वेळी "अल्लाहचा अजाब" असे सहज बोलले जाते. वर्गात दबलेल्या लेकरांबद्दल असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. हदीसमध्ये तर इमारतीखाली दबून मरणाऱ्याची गणना शहिदांत केली आहे. मग जाब कोणाला विचारायचा? सिमेंटमध्ये वाळू जास्त घालणाऱ्याला, सळई कमी टाकणाऱ्याला आणि पाहूनही सही करणाऱ्याला. शाळेचे छप्पर ही अमानतच आहे.

सूरह जिलजालची सुरुवात धरणीकंपाने होते आणि शेवट कणभर नेकी-बदीच्या हिशोबाने. मशीद, मदरसा किंवा स्वतःचे घर बांधायला काढताना आपण फरशीचा रंग चार वेळा विचारतो. एकदा इंजिनिअरला एवढेही विचारू या : हे बांधकाम हादरा सोसेल का?