गळाला न लागणारा बाप

कल्याण-डोंबिवलीच्या आम्हा बायकांचा समुद्र म्हणजे दादर-जुहूची चौपाटी, भेळ आणि परतताना गच्च भरलेली लोकल. पण डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या रेतीबंदरावर दिसतं ना, ते पाणी उल्हास नदीच्या खाडीचं. वसई-भाईंदरच्या मधून ते समुद्राला मिळतं. त्या मुखापासून थोडं दक्षिणेला उत्तन आहे. तिथून आम्ही चौघी मैत्रिणी यंदा दिवसभर होडीवर जाऊन आलो, गळ टाकायला!

आदल्या रात्री भाईंदरच्या मैत्रिणीकडे मुक्काम केला, कारण होडी घड्याळावर सुटत नाही, तिथीवर सुटते. हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावरची भरतीची वेळ साधारण निघते. आम्ही कोजागिरीनंतरची अष्टमी धरली, म्हणजे सकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी, संध्याकाळी सहाला पुन्हा भरती. ओहोटीला होड्या चिखलात बसतात, तेव्हा भरतीला निघायचं आणि भरतीलाच परतायचं. शिवाय अष्टमीला भांगाचं पाणी. ओढ कमी, गळाला बरं. (जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, तेव्हा विचारूसुद्धा नका.)

उपाशीपोटी मात्र जाऊ नये. कोरडी भाकरी खावी, आल्याचा तुकडा दाढेत धरावा. आमच्यातल्या एकीने नुसत्या चहावर निभावायचं ठरवलं आणि वसईचा किल्ला दिसायच्या आत ती आडवी झाली!

वाटेत डोलीच्या जाळ्यांचे बोये लागले. तळाला रोवलेल्या खुंटांना बांधलेली ही पिशवीसारखी जाळी. पाण्याच्या ओढीने बोंबील, मांदेली, जवळा आपोआप आत जातात. पुढे दहा वाव पाण्यात नाखव्यांनी इंजिन बंद केलं. काठीबिठी काही नाही. लाकडाला गुंडाळलेली नायलॉनची दोरी, खाली शिसं, गळाला कोळंबीचा तुकडा. दोरी बोटावर धरून बसायचं. तासभर काहीच नाही. मग एकदम हिसका! माझ्या दोरीला हातभर लांबीचा शिंगाळा आला, मिशाळ आणि चक्क कुरकुरणारा.

"ताई, हात नका लावू हां!" नाखवा ओरडले. याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना विषारी काटे असतात. त्यांनी पक्कडीने ते आधी मोडले, मग गळ सोडवला.

हा मासा पकडणं सोपं, पण त्याची गोष्ट ऐकली आणि आम्ही चौघीही गप्प झालो. मादीने अंडी घातली की नर ती तोंडात घेतो. गोट्यांएवढी अंडी! पिल्लं निघून पोहू लागेपर्यंत तो ती तोंडातच सांभाळतो, आणि तेवढे दिवस काही खात नाही. "म्हणून तो बाप गळाला लागत नाही," नाखवा म्हणाले, "जाळ्यात मात्र घावतो."

नेमकं तेच झालं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीनची मोठी जाळी आली. अख्खा थवा एका घेरात धरायचा, त्यात अंडी धरलेले नर टनावारी निघाले. अंडी डेकवर सांडून वाया गेली, आणि काही वर्षांत तिथला शिंगाळा बसला तो बसलाच. घरातला कर्ता पुरुष उपाशी राहून पोरं सांभाळतो हे आमच्यापैकी कुणालाच पटकन खरं वाटलं नव्हतं, हे जाता जाता!

आपल्या खाडीचं दुखणं वेगळं. तिथे जाळं नाही, पाणीच मारतं. कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी वालधुनीतून, नाल्यांतून खाडीत येतं. पूर्वी घरापुरतं मासोळी खाडीतच मिळायची, आता डिझेल जाळून इतक्या लांब यावं लागतं, असं नाखवा सांगत होते. आपल्या मोरीचंही पाणी त्यातलंच.

दिवसभरात तीन शिंगाळे, पाच-सहा ढोमी आणि एक प्लॅस्टिकची पिशवी, एवढी आमची कमाई. दिवेलागणीला भरतीबरोबर उत्तनला टेकलो. नाखवीणबाईंनी वाटे घालता घालता सांगितलं, शिंगाळ्याला खवले नसतात, बुळबुळीत असतो. मीठ आणि चिंच चोळून दोनदा धुवा, आणि कालवणात आंबट जरा जास्तच घाला.