शिक्क्याचा अर्धा गोल

पाचवीत असताना मी आजीच्या ट्रंकेतल्या पाकिटांवरची तिकिटं कापली, पाण्यात भिजवून सोडवली, वहीत चिकटवली. पाकिटं बंबात गेली. आजोबा मुंबईत गिरणीत होते, आजी संगमेश्वरला. पत्रावर तारीख घालायची त्यांना सवय नव्हती.

टपाल इतिहासाचं खूळ इंजिनिअरिंगला लागलं. तेव्हा कळलं, या मंडळींना सुटं तिकीट नको, अख्खं पाकीट हवं असतं. पुढे पाठवणाऱ्या पोस्टाचा शिक्का, मागे पोचल्याचा. मधले दिवस मोजता येतात. १८५२ चं सिंध डाक, आशियातलं पहिलं तिकीट, तेसुद्धा मूळ पाकिटावर असलं की जास्त बोलतं.

माझ्या वहीत १५ पैशांचं, चहा खुडणाऱ्या बाईचं तिकीट आहे. ते १९६५ साली आलं. म्हणजे पत्र त्यानंतरचं, एवढंच. शिक्क्याचा अर्धा गोल तिकिटावर आहे, वर्ष उरलेल्या अर्ध्यात होतं. (आणि मी पगार घेतो तो लॉगमधले टाइमस्टॅम्प बघण्याचा!)

एका पत्रात आहे, ‘मुलगी झाल्याचं कळलं. रजा मिळत नाही.’ कुठली मुलगी? आजी आता नाही. मोठी आत्या म्हणते, ते माझंच. धाकटीही तेच म्हणते.