खेळाडूही तोच, कोचही तोच

२०१५च्या पावसाळ्यात मुंबई सिटी एफसीने निकोलस अनेल्काला खेळाडू-प्रशिक्षक नेमलं आणि हार्बर लाइनवरून नेरूळला मॅचला जाणाऱ्या आमच्या टोळक्यात उभी फूट पडली. इंडियन सुपर लीगचं ते दुसरंच वर्ष. आदल्या मोसमात पीटर रीडच्या हाताखाली संघ आठांत सातवा आला होता, त्यामुळे बदल हवा यावर एकमत होतं. पण असा?

टोळक्यातला चेल्सीवेडा पोरगा हरखून गेला होता. अनेल्का १९९८मध्ये आर्सेनलकडून, २०१०मध्ये चेल्सीकडून प्रीमियर लीग जिंकलेला, आणि २०००मध्ये रेआल माद्रिदकडून चॅम्पियन्स लीगही. "एवढ्या मोठमोठ्या कोचच्या हाताखाली खेळलाय तो. आपल्या पोरांना केवढं शिकायला मिळेल!"

"खेळणं वेगळं आणि खेळवणं वेगळं, बाबा," काका म्हणाले. काका म्हणजे कूपरेजवर महिंद्र युनायटेडच्या मॅचेस पाहत मुरलेला माणूस. २०१० साली तो संघ बंद झाला, तेव्हापासून कोणत्याही नव्या क्लबवर त्यांचा पटकन विश्वास बसत नाही. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्ल्ड कपमध्ये प्रशिक्षक दोमेनेकशी भांडण झालं म्हणून फ्रान्सने अनेल्काला घरी पाठवलं होतं. काका ते विसरले नव्हते. प्रशिक्षक म्हणून त्याची शिदोरी म्हणजे २०१२मध्ये शांघाय शेनहुआत थोडे दिवस सांभाळलेली जबाबदारी, बस्स.

"काका, पण चेन्नईने मटेराझीला घेतलंच ना? त्याला कुठे अनुभव होता?"

"आणि खालिद काय वाईट होता?"

या प्रश्नावर डबा थोडा वेळ गप्प झाला. खालिद जमील स्वतः महिंद्रकडून खेळलेला, २००९पासून मुंबई एफसी या दुसऱ्याच क्लबचा कोच. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू फारसे नाहीत, तरी दर मोसमात तो संघ आय-लीगमध्ये टिकवून दाखवत होता. सुपर लीगच्या आठही संघांचे मुख्य प्रशिक्षक मात्र तेव्हा परदेशी होते. गोव्याकडे तर जपानला वर्ल्ड कप खेळवलेला झिको होता. नवखा परदेशी माणूस चालतो, पण इथल्याच मैदानावर वर्षानुवर्षं राबलेला माणूस विचारातही घेतला जात नाही, ही काकांची खरी तक्रार होती. मला ती तेव्हाही रास्त वाटली, आजही वाटते.

मोसमाची सुरुवात पुण्याकडून १-३ अशा हारीने झाली. पुढे २८ ऑक्टोबरला डी. वाय. पाटील स्टेडियमवर नॉर्थईस्टविरुद्ध सुनील छेत्रीने हॅट्ट्रिक केली. लीगमधली भारतीय खेळाडूची ती पहिलीच हॅट्ट्रिक. मुंबई ५-१ जिंकली. त्या रात्री परतीच्या लोकलमध्ये पोरगा काकांना काही बोलला नाही, नुसता त्यांच्या शेजारी जाऊन बसला. काकांनीच त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग आला १७ नोव्हेंबर. फातोर्ड्याची मॅच आम्ही दादरला एका मित्राकडे टीव्हीवर पाहिली. गोव्याने सात गोल ठोकले, आम्ही शून्य. दुडू आणि हाओकिप, दोघांच्याही हॅट्ट्रिक. बचावफळी दोन्ही बाजूंनी उघडी पडत होती आणि ती सावरायला कोणी नव्हतं. अशा वेळी कोचने बाहेर उभं राहून थंड डोक्याने पाहायचं असतं: कोण दमलाय, कोण जागा सोडतोय, कोणाला आत घ्यायचं. हे काम शिकायलाच काही मोसम जातात. त्यात ज्याला स्वतःच्या खेळाचीही काळजी वाहायची आहे, त्याच्याकडून एकाच वेळी किती मागायचं? अनेल्का नवखा होता हा माझा आक्षेप नव्हताच. एका नवख्या माणसावर दोन कामं टाकली, हा होता.

चौदा सामन्यांत १६ गुण, सहावं स्थान. मोसम संपला आणि अनेल्का गेला.

पण वाद संपला नाही, कारण डिसेंबरात कप उचलला तो चेन्नईने. फातोर्ड्यावरच, अगदी शेवटच्या मिनिटांत गोव्याला ३-२ असं हरवून. म्हणजे पोरगा बरोबर! मात्र मटेराझी २०१४मध्ये खेळाडू-प्रशिक्षक होता आणि दुसऱ्या वर्षी बूट बाजूला ठेवून फक्त कोच राहिला. त्याला दुसरं वर्ष मिळालं, अनेल्काला नाही, असं पोरगा अजूनही म्हणतो. काका त्यावर गिमारेंसचं नाव घेतात. कोस्टा रिकाला दोन वर्ल्ड कप खेळवलेला हा अनुभवी माणूस २०१६मध्ये मुंबईत आला आणि पहिल्याच मोसमात साखळीत संघ अव्वल राहिला.

खालिद मात्र मुंबई एफसीतून बाहेर पडल्यावर ऐझॉलला गेला आणि २०१७मध्ये त्या छोट्या क्लबला त्याने आय-लीग जिंकून दिली. सुपर लीगमध्ये पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक होणारा पहिला भारतीयही तोच, २०२१मध्ये, नॉर्थईस्टकडे. २०२५च्या ऑगस्टमध्ये भारतीय संघ त्याच्या हाती सोपवला, तेव्हा काकांचा फोन पोराला गेला, मला नाही. दोघं तासभर भांडले म्हणे, आणि या वेळी विषय होता खालिदची बचावात्मक शैली.